ओळख ना पाळख, तरी दोन दिवस माहेरपण

परगावी गेल्यावर उतरायचे कुठे, या प्रश्नाला आपल्या आईच्या पिढीकडे सरळ उत्तर होते. गावात नात्याचे कोणी नसेल तर कोणाच्या तरी ओळखीचे कोणी शोधायचे, आधी पत्र टाकायचे आणि लाडवांचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभे राहायचे. आता ती पद्धत मागे पडली आहे. हॉटेले परवडू लागली, घरे लहान झाली, घरातली दोघेही नोकरीला जाऊ लागली. शिवाय ‘उगाच कोणाला त्रास कशाला?’ हे वाक्य आपल्या सर्वांच्या तोंडी बसले आहे. वाक्य सभ्य आहे, पण त्यात एक मेख आहे. आम्ही तुम्हाला त्रास देत नाही, तेव्हा तुम्हीही आमच्या दारात येऊ नका, असा अबोल करार त्यात असतो.

तो करार बाजूला ठेवून २०२५ च्या ऑगस्टमध्ये मी रायपूरला एका घरी दोन दिवस राहून आले. त्या घरातील कोणालाही मी त्याआधी पाहिलेले नव्हते.

नागपूरला आमच्या साप्ताहिकाचे काम होते. ते शुक्रवारी, ८ ऑगस्टला दुपारी आटोपणार होते. शनिवारी राखी पौर्णिमा, त्याला जोडून रविवार. मुंबईकडे येणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या. तेव्हा दोन दिवस रायपूर पाहावे असे मनात आले. त्याला कारणही होते. पत्रकारितेची पदविका घेताना माधवराव सप्रे हे नाव अभ्यासाला होते. मातृभाषा मराठी असलेल्या या माणसाने १९०० साली पेंड्रा या लहानशा गावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले आणि १९२६ मध्ये रायपुरात अखेरचा श्वास घेतला. परीक्षेपुरते वाचलेले हे गाव एकदा डोळ्यांनी पाहायचे होते.

मी हॉटेल शोधते आहे हे कळल्यावर ऑफिसातली एक सहकारी म्हणाली, “थांब, माझ्या मावशीची शाळासोबतीण तिकडेच दिली आहे.” दुसऱ्याच दिवशी फोन आला. पलीकडचा आवाज वयस्कर पण ठसठशीत होता. “हॉटेलात कशाला उतरतेस? घर आहे ना आपलं!”

सहकाऱ्याच्या मावशीची शाळासोबतीण म्हणजे माझी कोण? हिशेब मांडून पाहिला, तर कोणीच नाही.

एकट्या बाईने अनोळखी घरी जायचे म्हणजे चार गोष्टी पाहूनच जावे. मी काकूंशी आणि त्यांच्या सुनेशी दोनदा फोनवर बोलले. घरात कोण कोण असते ते विचारले. पत्ता नवऱ्याकडे आणि त्या सहकारीकडे देऊन ठेवला. शुक्रवारी रात्री येणार आणि रविवारी रात्रीच्या गाडीने जाणार, हे पक्के सांगितले. ही शेवटची गोष्ट फार कामाची आहे. पाहुणा केव्हा जाणार हे ठाऊक असले की यजमानाला त्याचे येणे गोड लागते.

आधी पाणी, मग चौकशी

नागपूरहून रायपूर रेल्वेने पाच-साडेपाच तासांवर. गोंदिया मागे पडले की जंगल सुरू होते, मग डोंगरगडच्या टेकडीवरचे बम्लेश्वरीचे मंदिर दिसते आणि पुढे राजनांदगाव, दुर्ग, भिलाई. ऑगस्टात दोन्ही बाजूंना भाताची खाचरे हिरवीगार असतात. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात ते का, हे खिडकीतूनच कळते.

काकूंचे घर तात्यापाऱ्यात. ‘पारा’ म्हणजे आपली आळी. रायपूरच्या जुन्या भागात बूढापारा, ब्राह्मणपारा असे कितीतरी पारे एकमेकांना लागून आहेत. तात्यापाऱ्यात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली.

दारात काकूंची सून पाण्याने भरलेला लोटा हातात घेऊन उभी होती. ती मूळची धमतरीकडची, छत्तीसगडी घरातली. तिने लोटा माझ्या हाती दिला, मी पायांवर पाणी घेतले आणि मगच उंबरठा ओलांडला. मागून काकू हसत म्हणाल्या, “इकडे आधी पाणी, मग चौकशी. आमच्या अमरावतीला उलटं होतं. आधी गाव, आडनाव, गोत्र आणि मग पाणी!”

काकू सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात असे चौघांचे घर. पुढची खोली नातीची, ती माझ्यासाठी मोकळी केलेली. पलंगावर धुतलेली चादर, तांब्या-भांडे आणि उशाशी एक डासांची अगरबत्ती. फार काही केले नाही हे दाखवण्यासाठी काय काय केलेले असते, ते बायकांच्या नजरेतून सुटत नाही.

झोपण्यापूर्वी मी विचारले, “काकू, मला काही काम सांगाल ना?”

“सांगेन की. एकच काम. पोरीशी मराठीत बोल. ती हिंदीत उत्तर देईल, तरी तू मराठीच बोल.”

नारळी भात आणि दुबराज

शनिवारी सकाळी नाश्त्याला तांदळाच्या पिठाचा चीला आणि टोमॅटोची चटणी होती. दुपारी काकूंनी नारळी भात केला. समुद्र इथून कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर, पण पौर्णिमेला नारळी भात झालाच पाहिजे. तांदूळ मात्र इथला, दुबराज. बुटका, सुवासिक दाणा. या तांदळाची नगरी भागातील जात इतकी नावाजलेली की २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताच्या २३ हजारांहून अधिक वाणांचे नमुने जपून ठेवलेले आहेत. डॉ. रिछारिया यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात त्यांतला मोठा भाग गावोगाव फिरून गोळा झाला. कोकणातला पदार्थ आणि छत्तीसगडचा दाणा यांचे काकूंच्या पातेल्यात उत्तम जमले होते.

सुनेने, म्हणजे वहिनींनी, ठेठरी आणि खुरमी तळल्या होत्या. ठेठरी बेसनाची आणि खारी, खुरमी गव्हाच्या पिठाची गूळ घातलेली. त्यांचा भाऊ धमतरीहून राखी बांधून घ्यायला आला, बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी. पंगतीत मराठी, हिंदी आणि छत्तीसगडी अशा तिन्ही भाषा चालू होत्या. कर्टुल्यांची भाजी वाढली तेव्हा काकू ‘कर्टुली’ म्हणाल्या आणि वहिनी ‘खेखसी’. कोणीही कोणाला सुधारले नाही.

नातीशी मी ठरल्याप्रमाणे मराठीत बोलत होते. तिला सगळे समजत होते, पण उत्तर हिंदीतून यायचे. शाळा हिंदी-इंग्रजी, आई आणि गल्लीतल्या मैत्रिणी छत्तीसगडी. मराठी फक्त आजीकडून. दुपारी माझ्या शेजारी बसून तिने बराच विचार करून विचारले, “आपके यहाँ सब लोग दादी जैसा बोलते हैं? रिक्षेवाले भी?”

मी म्हटले, “हो. रिक्षावाले, भाजीवाल्या, पोलीस, सगळे.”

ती चकित झाली. मराठी ही तिच्या लेखी आजीची खाजगी भाषा होती. आजीचे चष्म्याचे घर, आजीची पोथी, तशी आजीची भाषा. काकू पाठमोऱ्या होऊन ताटे आवरत होत्या. त्यांनी हे ऐकले, पण त्या काही बोलल्या नाहीत. मग मला त्यांच्या आमंत्रणाचा अर्थ थोडा उलगडला. मला घर हवे होते, तसे त्यांना दोन दिवस घरात मराठी बोलणारे माणूस हवे होते.

गाव दाखवायला नात

संध्याकाळी काकू, नात आणि मी ई-रिक्षात बसून निघालो. वाट दाखवायचे काम नातीने आपल्याकडे घेतले होते. आधी बूढा तालाब. त्याचे नाव आता विवेकानंद सरोवर. विवेकानंद चौदा वर्षांचे नरेंद्र असताना १८७७ मध्ये वडिलांच्या कामामुळे रायपूरला आले आणि दोनएक वर्षे इथेच राहिले. तेही इथे परगावचे, भाड्याच्या घरात उतरलेले. मग सप्रे यांच्या नावाची शाळा पाहिली. शाळेला सुट्टी होती, तरी फाटकावरचे नाव वाचून मला बरे वाटले.

तिथून दूधाधारी मठ. इथले पहिले महंत केवळ दुधावर राहत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आतील भिंतींवर मराठा काळातील जुनी चित्रे आहेत. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी १७५८ मध्ये छत्तीसगडात आले आणि १७८७ मध्ये मरेपर्यंत रतनपूरहून त्यांनी इथला कारभार पाहिला. दसऱ्याला एकमेकांना ‘सोनपत्ता’ देण्याची पद्धत त्यांच्याच काळात इकडे सुरू झाली, असे इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत मुलांना शिकवतात.

“भोसल्यांबरोबर कारकून आले, सैनिक आले, भटजी आले,” काकू म्हणाल्या. “त्यातले बरेच परत गेले. जे राहिले ते इथलेच झाले. राज्य गेलं, पण दसऱ्याचं सोनं राहिलं.”

परतताना त्यांनी चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळाविषयी सांगितले. हे मंडळ १९३५ पासून चालू आहे. तिथले गणपती, तिथली नाटके यांत काकूंची तरुण वर्षे गेली.

सासूबाईंची भोजली

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो. नवा रायपूरमध्ये फ्लॅट घेण्याचा मुलाचा विचार चालला होता. काकूंचा त्याला विरोध नव्हता. “मुलांना सोयीचं असेल तिथे जावं. पण तिथे दार वाजवणारं कोण असेल, एवढंच मनात येतं.”

मग त्यांनी आपली हकिगत सांगितली. त्या १९७४ मध्ये लग्न होऊन अमरावतीहून इथे आल्या. नवरा दिवसभर कामावर, सासूबाई अबोल, भोवतालची भाषा कळत नसे. पहिली दोन वर्षे त्या परत जायची वाट पाहत होत्या. रोज सकाळी एक राऊत बाई दूध घालायला यायची. सासूबाई तिला नावाने कधी हाक मारीत नसत. दोघी एकमेकींना ‘भोजली’ म्हणत.

“मला वाटलं, तिचं नावच भोजली. मग एकदा तिनं सासूबाईंना भोजली म्हणून हाक मारली तेव्हा मी बुचकळ्यात पडले!”

छत्तीसगडात मैत्रीला नात्याचा दर्जा देण्याची एक जुनी रीत आहे. तिला ‘मितान बदना’ म्हणतात. जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांना देऊन जोडलेले मित्र ‘महाप्रसाद’ होतात, गंगेचे पाणी देऊन जोडलेले ‘गंगाजल’, आणि श्रावणातल्या भोजलीचे अंकुर कानावर खोवून जोडलेल्या मैत्रिणी ‘भोजली’. त्यानंतर एकमेकींचे नाव घ्यायचे नाही. भेटल्यावर ‘सीताराम भोजली’ म्हणायचे. जात आड येत नाही, श्रीमंती-गरिबी आड येत नाही. दोन्ही घरांनी एकमेकांचे लग्न, बाळंतपण, मरण आपले मानायचे, आणि हे आयुष्यभर. या शब्दाला लोकांच्या मनात इतका मान आहे की २००२ मध्ये छत्तीसगड सरकारने गावोगाव आरोग्याचे काम करणाऱ्या बायका नेमल्या तेव्हा त्यांना ‘मितानिन’ हेच नाव दिले. आज देशभर दिसणाऱ्या ‘आशा’ सेविकांची योजना पुढे २००५ मध्ये आली, ती आखताना या मितानिनींचा अनुभव समोर होता.

काकूंच्या सासूबाई मराठी ब्राह्मण आणि ती दूध घालणारी बाई, दोघी लहानपणी याच पाऱ्यात भोजली झालेल्या. त्या बाईने काकूंना छत्तीसगडी शिकवले, बाजार शिकवला. पहिल्या बाळंतपणात भर पावसात रात्रभर उशाशी बसून राहिली. ती गेली तेव्हा या घरात दहा दिवस गोडधोड झाले नाही.

“ती माझी कोण होती?” काकू म्हणाल्या. “सासूची मैत्रीण. तुझं माझं नातं आहे ना, त्याच हिशेबातलं. या घरात मी आले तेव्हा अनोळखीच होते गं. तिनं मला घरात घेतलं. आता ती नाही. तिचं देणं तिला तर फेडता येत नाही. मग तुझ्यासारखं कोणी आलं की बरं वाटतं.”

तळ्यावरचा निर्णय

भोजलीचे विसर्जन राखीच्या दुसऱ्या दिवशी असते, म्हणजे नेमके रविवारीच. टोपल्यांत माती घालून गहू पेरतात, सावलीत ठेवतात, हळदीचे पाणी शिंपतात. उन्हाअभावी अंकुर पिवळसर, लांबट वाढतात. आपल्याकडे नवरात्रात घटाखाली धान्य उगवते, अगदी तसे दिसतात. दुपार कलल्यावर मुली टोपल्या डोक्यावर घेऊन गाणी म्हणत जवळच्या तळ्यावर निघाल्या. आम्हीही मागोमाग गेलो.

विसर्जन झाल्यावर मुली उरलेले अंकुर एकमेकींना वाटू लागल्या. काकूंच्या घरापासून तिसऱ्या घरात महासमुंदकडचे एक कुटुंब भाड्याने राहायला आले होते. वडील बांधकामावर. त्यांची मुलगी आणि काकूंची नात हातात अंकुर घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना भोजली बदायची होती.

वहिनींचा चेहरा गंभीर झाला. त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “दीदी, हा खेळ नाही. आयुष्यभर पाळावं लागतं. ते भाडेकरू आहेत. वर्षभरात जातील दुसरीकडे. आम्हीही कदाचित जाऊ. मग पोरीनं काय करायचं?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ही रीत परकी म्हणून मी भारावून पाहत होते. त्यांना मात्र तिचे ओझे ठाऊक होते.

त्या मुलीची आई थोडी दूर उभी होती. तिला सारे कळत असावे. तिने मुलीला हाक मारली, पण मुलगी हलली नाही.

काकू काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी सुनेला छत्तीसगडीत काहीतरी सांगितले. मला ते नंतर कळले. त्या म्हणाल्या होत्या, राहायला आलेले माणूस जाणारच असते, म्हणून कोणी नाते जोडायचे थांबवत नाही. पाळणे जमेल का, ते आपण मोठ्यांनी ठरवायचे. वहिनी क्षणभर थांबल्या. मग त्या चालत त्या बाईकडे गेल्या आणि दोघी काहीतरी बोलल्या. तिकडूनच वहिनींनी मान हलवली. मुलींनी एकमेकींच्या कानांवर अंकुर खोवले.

घरी परतताना नात माझे आणि आजीचे बोट धरून चालत होती. मध्येच तिने विचारले, “आजी, मराठीत भोजलीला काय म्हणतात?”

दोन दिवसांत ती प्रथमच मराठीत बोलली होती. काकू चालता चालता थांबल्या. “मराठीतही भोजलीच म्हणतात,” त्यांनी सांगितले.

घेणे आणि देणे

निघताना माझी ओटी भरली ती दुबराज तांदळाने. मी नागपूरहून संत्र्याची बर्फी नेली होती; घरी आल्यावर नातीसाठी मराठी गोष्टींची पुस्तके पाठवली. अनोळखी घरी जाणाऱ्यांना माझा अनुभव एवढेच सांगतो की भेटवस्तू महाग असण्याची गरज नाही. यजमानाला आपल्याकडून काय हवे आहे, ते पहिल्या दिवशी ओळखावे. कोणाला बोलायला माणूस हवे असते, कोणाला माहेरच्या गावची बातमी, कोणाला आपले गाव कोणीतरी डोळे भरून पाहावे असे वाटत असते. ते देता आले की पाहुणा ओझे होत नाही.

आणि परतफेड त्याच घरी करायची संधी मिळेलच असे नाही. माझ्याकडे ती वेगळ्या वाटेने आली. डिसेंबरात काकूंचा फोन आला. वहिनींची भाची, तीच राखीला भेटलेली, तिची मुंबईत परीक्षा होती. चार दिवस राहायचे होते. आमचे डोंबिवलीचे घर दोन खोल्यांचे, सासूबाईंच्या गुडघ्याचे दुखणे चाललेले. मी घरी विचारले. सासूबाईंनी आधी, “किती दिवस?” विचारले आणि मग, “जेवायला काय आवडतं तिला?”

मुलगी आली. बाहेरच्या खोलीत गादी घातली. पहाटेची लोकल चुकू नये म्हणून सासूबाई तिच्याआधी उठून थालीपीठ लावायच्या. तिची हिंदी आणि सासूबाईंची हिंदी यांचा ताळमेळ कमीच, पण दोघींचे चालले होते. काकूंच्या पाऱ्यातील बातम्याही तिच्याकडूनच कळल्या. ते भाडेकरू दिवाळीनंतर दुर्गला गेले. दर रविवारी मात्र वहिनी स्वतः फोन लावून देतात आणि दोन्ही मुली आधी ‘सीताराम भोजली’ म्हणतात, मग भांडतात. फ्लॅटचे अजून ठरलेले नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी जिन्यात सासूबाईंना विचारले, “पाहुणी दिसतेय. कोण लागते तुमची?”

मी कुलूप लावत होते, उत्तर द्यायला वळले, पण सासूबाई आधीच बोलून गेल्या होत्या, “रायपूरला आमचं एक घर आहे, तिथली.”